तुमाला कसं कळलं?

शिवशंकर दूधभाते सरांनी अडतिसावी वही मिटली आणि कपाळाला हात लावला. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर ते जे पुटपुटले ते प्राध्यापकाच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

मुरुमच्या एका कॉलेजात सर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहास शिकवायचे. प्रकल्पाचा विषय दिला होता 'माझ्या गावाचा इतिहास'. अडतीस पोरं-पोरी, अडतीस वह्या, आणि त्यातल्या एकोणतीस वह्यांत एकच साधू येऊन एकाच झाडाखाली विसावा घेऊन गेला होता. झाड बदलायचेसुद्धा कष्ट कुणी घेतले नव्हते. चिंच म्हणजे चिंच. शेवटचं पान 'संदर्भ' लिहायला सोडायचं होतं. तिथं कुणी 'गुगल' लिहिलं होतं, कुणी 'मोबाईल', कुणी 'आमचे आजोबा व इतर'. युवराज नावाच्या पोरानं तर 'सर्वांना माहीत आहे' असं लिहून खाली रेघ मारली होती. रेघ मात्र पट्टीनं मारली होती.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गेले ते वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटूनच. चिडले की सरांच्या तोंडून पुस्तकी मराठी पळून जायची आणि गावाकडची बाहेर यायची, हे पोरांना ठाऊक होतं. त्यामुळं वर्ग चिडीचूप झाला.

"युवराज, घरी शेळ्या हैत का तुझ्या?"

"हैत सर. चार."

"बाजारात दलाल म्हणतो, शेळी दोन दाती हाय, वय कमी हाय. तू काय करतो?"

"तोंड उघडून दात बघतो."

"कशापायी? दलाल सांगतोय की. सर्वांना माहीत आहे की!"

वर्ग हसला. युवराजही हसला, म्हणजे त्याला काही लागलेलं नव्हतं. सरांना आणखी राग आला.

"शेळीचे दात बघता आणि गावाचा इतिहास मात्र न बघता घेता? चारशे वर्षांचा साधू हाय तो, शेळीपेक्षा म्हातारा हाय!"

मग त्यांनी फळ्यावर उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला लिहिलं, 'काय सांगितलं'. उजव्या बाजूला, 'तुम्हाला कसं कळलं?' नियम साधा होता. जो कुणी काही सांगेल त्याला हा प्रश्न विचारायचा. तो ज्याचं नाव घेईल त्याच्याकडं जायचं, त्यालाही हेच विचारायचं. 'मी डोळ्यांनी बघितलं' असं म्हणणारा माणूस भेटेपर्यंत किंवा त्या काळातला कागद हातात पडेपर्यंत थांबायचं नाही. काहीच सापडलं नाही तर 'माहीत नाही' लिहायचं.

"'माहीत नाही' लिहिलं म्हणून मी मार्क कापणार नाही. मधेच कुणी पदरचं घातलं तर मात्र वही तोंडावर फेकीन."

पुढचे पंधरा दिवस सरांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतले होते, दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नव्हती. पहिला फोन आला शरणबसप्पा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा.

"सर, तुमची एक पोरगी सकाळपासनं येऊन बसलीय. म्हंती, आजोबा, तुमाला कसं कळलं? म्या म्हणलं, माझ्या बापानं सांगितलं. तर म्हंती, त्येंना कसं कळलं? आता त्येंना जाऊन चाळीस वर्षं झाली. वर जाऊन इचारून येऊ का?"

सरांनी माफी मागितली. मग प्राचार्यांनी बोलावून घेतलं, कारण एका गावच्या देवस्थान समितीनं तक्रार केली होती. तिथंही सरांनी माफी मागितली. आणि ज्याच्यासाठी एवढी माफी मागत फिरायचं तो युवराज एके दिवशी छाती काढून आला. एकाच गोष्टीला त्यानं तीन साक्षीदार आणले होते. सरांना क्षणभर बरं वाटलं. मग विचारताना निघालं की तिघंही एकाच कटिंगच्या दुकानात बसतात आणि तिघांनाही ती गोष्ट दुकानवाल्यानंच सांगितली.

"हे तीन न्हाईत रे बाळा," सर जवळजवळ रडकुंडीला आले, "हा एकच हाय. तीन तोंडांनी बोललेला."

युवराजनं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं, 'साक्षीदार तीन'.

या सगळ्या गोंधळात सरांना भरवसा होता तो एकट्या प्रतीक्षाचा. ही पोरगी सरांच्याच गावची, केसरवाडीची. बोलायची कमी, पण धरलेलं सोडायची नाही. तिनं विषय घेतला होता, 'केसरवाडी आणि मुक्तिसंग्राम'. विषय ऐकून सर मनातून सुखावले होते, आणि त्याला कारण होतं. केसरवाडीच्या मुक्तिसंग्रामात जे एक नाव घेतलं जायचं ते सरांच्या वडिलांचं होतं, बब्रुवान दूधभाते यांचं.

गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही पाठ होती. रझाकारांचा काळ, साल अठ्ठेचाळीस. तेरा वर्षांचा मेंढक्या बब्रुवान भाकरीच्या फडक्यात काडतुसं बांधून, मेंढरं चारायच्या मिषानं निजामाच्या हद्दीपलीकडं स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात नेऊन द्यायचा. बब्रुवानना जाऊन चौदा वर्षं झाली होती. आता ग्रामपंचायतीनं नवी अभ्यासिका बांधली होती, आणि येत्या सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तिला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी रंगवून तयार होती. प्रमुख वक्ते स्वतः सर. सरांच्या आईनं, धुरपताबाईंनी, त्या दिवसासाठी इरकल लुगडं पेटीतून काढून उन्हात घातलं होतं.

त्या कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना प्रतीक्षा वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. वही टेबलावर ठेवून बाजूला उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

सरांनी वही उघडली आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. काय काम केलं होतं पोरीनं! सरपंच कृष्णराज यांना कसं कळलं? शाळेच्या स्मरणिकेतून. गावातल्या चार म्हाताऱ्यांना कसं कळलं? दरवर्षी झेंडावंदनाच्या भाषणात ऐकून. स्मरणिकेत लेख कुणी लिहिला? तेव्हाच्या हेडमास्तरांनी. ते आता उमरग्याला राहतात, तर ही बसनं उमरग्याला जाऊन आली होती. हेडमास्तरांना कसं कळलं? एका विद्यार्थ्याच्या भाषणातून. त्या भाषणाला तालुक्यात नंबर आला होता. कोण विद्यार्थी? वयोमानानं ते त्यांना आता आठवत नव्हतं. मग तिनं शाळेचं कपाट उघडायला लावून बक्षिसांचं रजिस्टर काढलं होतं.

शेवटची ओळ होती: 'सन १९८५, वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय. शिवशंकर बब्रुवान दूधभाते, इयत्ता आठवी.'

उजवी बाजू कोरी होती.

"सगळे तुमच्यापाशी येऊन थांबले सर," प्रतीक्षा खाली बघत म्हणाली. मग तिनं मान वर केली. "तुमाला कसं कळलं?"

सर भडकले. "मला कसं कळलं म्हणजे? माझे वडील होते ते!"

"म्हणजे त्यांनी सांगितलं तुमाला. तसं लिहू?"

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि वहीकडं हात केला. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. सरांनी वही स्वतःकडं ओढून घेतली.

"राहू दे इथं. उद्या ये."

ती गेल्यावर सरांनी ते पान पुन्हा उघडलं. आठवत नव्हतं असं नाही. आजवर आठवायची वेळच कुणी आणली नव्हती.

भाषण दगडोबा गुरुजींनी लिहून दिलं होतं. गुरुजींकडं सतरा सप्टेंबरचं एकच भाषण होतं आणि ते दरवर्षी एका नव्या पोराला मिळायचं. त्यात मधे एक जागा होती, 'आमच्याच गावचा एक चिमुकला वीर'. गुरुजी म्हणाले होते, "नाव न्हाय घेतलं तर भाषण अधांतरी वाटतं. घाल कुणाचं तरी." आदल्या वर्षीच्या पोरानं आपल्या मामाचं नाव घातलं होतं, त्याच्या आधीच्यानं चुलत आजोबांचं. त्यांना नंबर आला नाही, म्हणून ते वीर तिथंच विरून गेले. शिवशंकरनं बापाचं नाव घातलं आणि तालुक्यात दुसरा आला.

गावच्या शाळेत ते भाषण पुन्हा म्हणून दाखवायला लावलं, तेव्हा वडील, म्हणजे आबा, मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडून तसेच आले होते. खांद्यावर घोंगडं, दारात उभे. नाव ऐकताच सगळं गाव मागं वळलं. हेडमास्तरांनी हाताला धरून त्यांना पुढं नेलं आणि खुर्चीत बसवलं. आबा जन्मात पहिल्यांदा शाळेतल्या खुर्चीत बसले होते. घरी जाताना वाटेत ते फक्त एवढं म्हणाले, "घसा बसला असंल. पाणी पी."

त्यानंतर दर सतरा सप्टेंबरला आबांची खुर्ची ठरलेली. कुणी काडतुसांचं विचारलं की आबा कसनुसं हसायचे आणि दुसरीकडं बघायचे. लोक म्हणायचे, केवढा मोठा माणूस, पण कधी स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. सरांनाही पुढं पुढं तसंच वाटायला लागलं. आणि हा माणूस इतिहासात पीएच.डी. होता! सरांना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी वही उघडून पुन्हा आपटून मिटली.

त्यांनी सरपंचाला फोन लावला. सगळं सांगितलं, काहीही न लपवता. कृष्णराजनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमच्या घराण्यात मोठेपणा घ्यायची सवयच न्हाय बघा. आबाबी तसलेच व्हते."

"अरे, मोठेपणाचा काय संबंध? मी सांगतोय, नाव मीच घातलं! आठवीत होतो मी!"

"पाटीचा रंग वाळलाय सर. आमदार येणार हैत."

"तो विषय नाही कृष्णराज. ती गोष्ट खरी आहे की नाही तेच मला माहीत नाही."

"आसं कसं? स्मरणिकेत छापलंय की. छापलेलं खोटं आसंल व्हय?"

सरांनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडं बघत राहिले. आयुष्यभर ज्या खडकावर ते डोकं आपटत होते तो आज त्यांच्याच अंगणात निघाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतीक्षाला समोर बसवून सगळं सांगितलं. तिनं ओळन् ओळ लिहून घेतली. मग पेन थांबलं.

"पण सर, तुमी नाव पदरचं घातलं, यावरनं आबांनी तसं केलंच न्हाय असं कुठं ठरतं? भाषण खोटं आसंल. गोष्ट खरीबी आसू शकते."

महिनाभर घसा कोरडा करूनही या वर्गात कुणी डोकं वापरलं नव्हतं, आणि आता वापरलं तर ते नेमकं इथं. राग यायला हवा होता, पण मनात कुठंतरी आशाच हलली. खरंच नेली असतील तर? पाटी राहील, आईचं लुगडं राहील, आबांची खुर्ची राहील. त्या आशेची त्यांना लगेच लाज वाटली.

"आता कुणाला विचारायचं?" त्यांनी विचारलं.

"आजीला इचारलं न्हाय आपण अजून," प्रतीक्षा म्हणाली.

सरांची मोटारसायकल केसरवाडीत पोचली तेव्हा दुपार कलली होती. धुरपताबाई ओसरीवर सुपात मूग घेऊन निवडत बसल्या होत्या. ऐंशी वर्षांची बाई, पण खडा चुकायचा नाही. वाटेत सरांनी मनाशी घोकलं होतं, आईला कसं विचारायचं, कुठून सुरुवात करायची, तिचं मन मोडलं तर काय बोलायचं. प्रत्यक्षात विचारलं ते प्रतीक्षानंच.

"आजी, आबांनी काडतुसं नेल्ती ती गोष्ट तुमाला कशी कळली?"

"मला?" म्हातारीनं सूप थांबवलं. "मला ह्या शिवानं सांगितली. भाषणाचा कप घिऊन आल्ता तवा."

"आबांनी न्हाय सांगितली?"

"न्हाय बा. त्यांनी कशी सांगावी? ते गावात व्हते कुठं त्या साली!"

सर खांबाला टेकले. धुरपताबाई पुन्हा निवडायला लागल्या आणि बोलायला लागल्या. मुगाइतक्याच सहज.

"सासऱ्यासंगं मेंढरं घिऊन खाली भीमेच्या अंगाला गेल्ते. तितक्यात हिकडं धुमाळी झाली, वाटा बंद झाल्या. तिकडंच अडकून पडले चार-सा महिनं. थोरला भाऊ व्हता त्यांचा, धुळाप्पा. सतरा वर्साचा. त्याला ताप भरला. वैद्य न्हाय, गाव न्हाय. वढ्याच्या काठाला गेला. ह्यांनी आन सासऱ्यानं तिथंच माती दिली आन मेंढरं घिऊन माघारी आले. आले तवर समदं मिटलं व्हतं. गावात गुलाल उधळत व्हते म्हणं लोक."

सरांना धुळाप्पा नावाचा चुलता होता हे त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

प्रतीक्षा भराभर लिहीत होती. लिहिता लिहिता, सवयीनं, तिनं विचारलंच. "हे तुमाला कसं कळलं आजी?"

धुरपताबाईंना त्या प्रश्नाचा राग आला नाही. उलट त्यांनी तो नीट तोलून घेतला.

"म्या डोळ्यानं बघितलं न्हाय. त्यांच्या तोंडून ऐकलं. दर साली सतरा तारखेला त्या खुर्चीवरनं घरी आले की जेवायचे न्हाईत. भाकरी तशीच सारायचे. दोन-तीन वर्सं बघितलं आन मग एकदा म्या इचारलं, का ओ, जेवत का न्हाई? तवा सांगितलं. त्या येळंला माझा भाऊ मातीत घातला, म्हणले, आन माझ्या गळ्यात हार घालतेत."

"मग खोटं हाय आसं सांगून का न्हाय टाकलं गावाला?"

"तेबी म्या इचारलं." म्हातारीनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "म्हणले, लेकरानं समद्या गावापुढं सांगितलंय. आता त्याला खोटं पाडू व्हय?"

सव्वीस वर्षं ते खुर्चीत बसले होते. दरवर्षी समोरच्या रांगेत बसून सरांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि घरी येऊन, आबा जेवले का, एवढंही बघितलं नव्हतं.

प्रतीक्षानं पेन वर उचललं. "सर, हेबी लिहू?"

सरांनी मान डोलावली. "लिही. कुणी सांगितलं तेही लिही."

"आन ती पाटी उतरवायला सांग त्या कृष्णराजला," धुरपताबाई म्हणाल्या. "जित्तेपणी खुर्चीत बसवलं तेवढं बास झालं."

"तो ऐकत नाही आई. मी सांगितलं त्याला. म्हणतो, छापलंय."

"मग सतराला माईक तुझ्याच हातात हाय न्हवं? सगळ्या गावापुढं सांगितल्तं, तसंच सगळ्या गावापुढं सांग." सूप त्यांनी एकदा पाखडलं. "लुगडं मी नेसनारच हाय. धुळाप्पाचं नाव माईकवर ऐकायला येईन."

सर खाली ओसरीवर बसले. आईच्या जवळ, पण तिच्याकडं न बघता. बोलायला गेले तर आवाजात पुन्हा तीच चीड आली, महिनाभर पोरांवर निघाली तीच.

"एवढं सगळं तुला माहीत होतं. मला कसं कधी सांगितलं नाहीस आई? आबांनीही नाही, तूही नाही!"

धुरपताबाईंनी पहिल्यांदा सुपातून मान वर काढली आणि लेकाकडं सरळ बघितलं.

"तू कवा इचारलास?"

सरांनी प्रतीक्षाकडून वही मागून घेतली. पानं उलटून ते त्या एका ओळीपाशी आले, जिथं डावीकडं आठवीतल्या पोराचं नाव होतं आणि उजवी बाजू अजून कोरी होती. खिशातलं पेन काढून त्यांनी तिथं लिहिलं, 'मला कळलं नव्हतं. मी विचारलं नाही.' खाली सही केली, तारीख घातली, आणि वही पोरीच्या हातात परत दिली.